डाव्या शिरेसाठी भिलाईला

भिलाईला हवापालटासाठी कोणी जात नाही. नागपूरहून त्या बाजूला निघालेली माणसं डोंगरगडला उतरून टेकडीवरच्या देवीला जातात, नाहीतर थेट पुरीचा समुद्र गाठतात. मी गेले ती भांडायला. परत आल्यावर शेजारणींनी विचारलं, "काय पाहिलंत हो तिकडे?" त्यांना एका वाक्यात सांगता येईना, म्हणून हे लिहायला बसले.

माझी धाकटी बहीण कुसुम लग्न होऊन भिलाईला गेली ती तिथलीच झाली. नवरा मधुकरराव पोलाद कारखान्यात गॅसच्या पाइपलाइनींच्या देखभालीवर होते, आता निवृत्त आहेत. मुलगा नितीनही कारखान्यातच. त्याची बायको पूजा भिलाईजवळच्या जामुलची, घरची छत्तीसगढी. दोघांचं प्रेमलग्न. कुसुमनं ते पचवलं होतं, पण ढेकर अजून येत होती.

दिवाळी आटोपली आणि कुसुमचा फोन आला. पूजाला पाचवा महिना होता आणि सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाजवळ एक शीर जास्तीची दिसली होती.

"ताई, तू ये. तू कॉलेजात हेच शिकवलं ना जन्मभर? आमचं कोणाचं ऐकून नाही राहिली ती. तिले समजावून सांग का, बाई, पाडून मोकळी हो म्हणून."

मी तिला कागदावरचं अक्षर न अक्षर वाचायला लावलं. तिनं अडखळत वाचलं, पर्सिस्टंट लेफ्ट सुपीरिअर व्हेना केव्हा. खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं की बाळाच्या हृदयाची वेगळी तपासणी करून घ्यावी. ती केली का, असं विचारलं तर म्हणाली, "तू ये आधी."

मला आधी हसू फुटलं आणि मग संताप आला. मी अमरावतीला आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. ही डावी शीर माझ्या ओळखीची होती. बेडकाच्या छातीत टाचणी रोवून ती मी किती मुलामुलींना दाखवली असेल. फोनवर भांडून कुसुमला जिंकता येत नाही हेही मला ठाऊक होतं, म्हणून मी पिशवी भरली.

दुर्गपर्यंत

गोंदिया मागे पडलं की गाडीतली मराठी विरळ होत जाते. आमगावपर्यंत "सरका ना बाई" ऐकू येतं, सालेकशाच्या जंगलात माणसं गप्प बसतात आणि डोंगरगडला हिंदी चढते. बाहेर धान कापून झालं होतं. शेतात भारे पडलेले, बांधांवर गुरं, आणि दर गावाला एक तळं. आमच्याकडे विहीर खोल जाते तसतसं माणसाचं तोंड लहान होतं. इथे गावाच्या मध्यात पाणी उघडं पडलेलं पाहून मला उगाच हेवा वाटला. समोरच्या बाईनं डब्यातून तांदळाच्या पिठाचे उकडलेले फरे काढून दिले, सोबत टोमॅटोची चटणी. आपल्याकडे तांदूळ म्हणजे भात आणि फार तर पापड. हे लोक तांदळाचं काय काय करतात! मी तीन खाल्ले आणि तिला आपली शेंगदाण्याची चटणी दिली. ती तिनं एका बोटावर चाखली आणि बराच वेळ पाणी पीत राहिली.

दुर्गच्या स्टेशनावर नितीन घ्यायला आला होता. रस्ताभर तो एकच वाक्य घोळवत होता, "मावशी, ममी बोलती है वो भी ठीक, पूजा बोलती है वो भी ठीक."

"आणि तू काय बोलतोस?"

त्यानं गाडीचा हॉर्न वाजवला. रस्त्यात कोणीही नव्हतं.

रुआबांधा

भिलाईचे रस्ते रुंद, सरळ आणि झाडांनी झाकलेले आहेत. इथे कुठूनकुठून माणसं आली, तेलगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी, आमचे भंडाऱ्या-गोंदियाकडचे, आणि प्रत्येकानं आपली तुळस सोबत आणली. कुसुम राहते त्या रुआबांध्याच्या एका गल्लीत मला तीन भाषांतल्या आरत्या ऐकू आल्या. क्षितिजावर कारखान्याच्या चिमण्या दिसतात, पण तिथल्या माणसांना त्या दिसत नाहीत.

घरात पूजा नव्हती. "गेली माहेरी, जामुलले," कुसुम म्हणाली. "मी बोलली तर पिशवी उचलून चालली गेली. असं वागतात का सुना?"

जेवायला वडाभात होता. कुसुमच्या हातचा वडाभात खाताना भांडण सुरू करणं कठीण जातं, हे तिला माहीत असतं. मी हात धुतले आणि मग सुरू केलं.

"तपासणी का नाही केली?"

कुसुमऐवजी मधुकरराव बोलले. शांत माणूस, आवाज कधी वर जात नाही. "ताई, मी उभी जिंदगी लाइनीवर काढली. आमचा एक नियम होता. ड्रॉइंगमध्ये नसलेली लाइन दिसली का पहिले लाल टॅग, मग व्हॉल्व बंद, मग तोंड बंद करायले ब्लाइंड प्लेट, मग कटर. जे ड्रॉइंगमध्ये नाही ते ठेवाचं नाही. डॉक्टर म्हणते का ही शीर नॉर्मलमध्ये नसते. मंग?"

खुळचट अंधश्रद्धेशी भांडायची तयारी करून मी आले होते आणि समोर एक शिस्त उभी होती. कुसुम ताटं उचलता उचलता थांबली आणि म्हणाली, "मले नियम नाही कळत. मले माही पोर आठवते."

कुसुमची पहिली मुलगी जन्मली तेव्हाच तिच्या हृदयात दोष होता. रडली की निळी पडायची. दोन-अडीच महिने काढले तिनं. त्यानंतर कितीतरी वर्षांनी नितीन झाला.

"माह्या मांडीवर गेली ती," कुसुम म्हणाली. "पूजाच्या मांडीवर तसं झालं तर? ती पोरगी सोसन का? मी नाही पाहणार पुन्हा."

ही बाई सुनेचा छळ करत नव्हती, स्वतःचं दुःख सुनेच्या वाट्याला येऊ नये म्हणून वेडी झाली होती. पण चुकली होतीच. दुःख खरं असलं म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलं. त्या रात्री आम्ही दोघी पाठीला पाठ लावून झोपलो.

जामुल

सकाळी मी एकटीच निघाले. शेअर ऑटोवाल्याला नुसतं "जामुल" म्हणाले, तर त्यानं मला सिमेंट कारखान्याच्या फाटकाशी सोडलं. तिथून वस्तीपर्यंत ट्रकांच्या धुरळ्यातून चालत गेले. पूजाच्या आईनं दार उघडलं तेव्हा माझी हिरवी साडी करडी झाली होती.

"आव दीदी, बइठव," ती म्हणाली आणि पाण्याचा लोटा पुढे केला. त्यांच्याकडे पाहुण्याला पाय धुवायला पाणी आधी, प्यायला नंतर. अंगणात बांबूच्या सुपावर कोहळ्याच्या वड्या वाळत होत्या. आपल्याकडचेच सांडगे; फक्त त्यांना 'बडी' म्हणायचं आणि तिखट जरा बेतानं घालायचं.

पूजा खाटेवर बसून लसूण सोलत होती. उठली नाही. लग्नात पाहिलेली ती लाजरी मुलगी कुठे गेली होती कोण जाणे.

"मावशी, तुम्ही पण समजवायलेच आल्या ना?"

"समजवायलाच आले. पण आधी तू सांग, तुला काय वाटतं?"

"मले डर वाटते," ती म्हणाली. "रोज वाटते. पर डर लगता है इसलिए मार डालो, ये कौन सी बात है? डॉक्टरने जाँच करायले सांगतलं. कोणी करून नाही राहिलं. मी एकटी जाईन रायपूरले." आणि लसणाची पाकळी तिनं नखानं अशी सोलली की सालासकट गरही निघाला.

मी तिच्याजवळ बसले आणि वर्गात सांगायचे तसं सांगितलं. गर्भ तांदळाच्या दाण्याएवढा असतो तेव्हा त्याच्या हृदयाकडे शिरांच्या तीन जोड्या येतात. एक पिवळ्या बलकाच्या पिशवीकडून, एक वारेकडून बेंबीतून, आणि एक खुद्द शरीरातून. मासा असो, बेडूक असो, कोंबडी असो की माणूस, सुरुवात सगळ्यांची जोड्यांनीच, डावी-उजवी सारखी. मग शरीर आवराआवर करायला लागतं. बेंबीकडच्या दोघींपैकी उजवी जाते आणि डावी राहते. छातीत वरच्या बाजूला उलट, डावी आपलं रक्त उजवीकडे वळवते आणि स्वतः सुकून दोरा होते. तुझ्या बाळात ती सुकली नाही, एवढंच. बेडकात दोन्ही राहतात. सशातही राहतात. पाखरांत राहतात.

"पाखरांत? म्हणजे मुर्गीत पण?"

"प्रत्येक कोंबडीत. जन्मभर."

पूजानं कोपऱ्याकडे पाहिलं. कोठीच्या आडोशाला टोपलीत एक लाल कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि आमच्याकडे संशयानं बघत होती.

बाकीचं काम मोबाइलच्या दिव्यानं झालं. पूजाच्या आईनं कोंबडीखालून एक अंडं काढलं, आम्ही कोठीच्या अंधारात शिरलो, आणि मी मुठीच्या पोकळीतून अंड्याला उजेड लावला. आत लाल कोळिष्टक उभं राहिलं. मधे एक टिंब, त्याच्या चारी बाजूंना केसाएवढ्या शिरा. हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे आणि दरवेळी नव्यानं वाकून पाहते. पूजानं एक हात पोटावर ठेवला. "इतनी सारी," ती म्हणाली.

"ह्या बलकाच्या. पिल्लू बाहेर येईल तेव्हा ह्यातली एकही लागणार नाही. आधी भरपूर मांडायचं आणि मग आवरायचं, ही शरीराची रीत आहे. आवरताना एखादी राहून गेली, तर ती कुठे जाते ते बघायचं. बघायच्या आधी निकाल द्यायचा नाही."

कुसुमला दाखवायला मी ते अंडं मागून घेतलं. पूजाच्या आईला वाटलं म्हातारी सटकली. पण तिनं फडकं दिलं, आणि बजावलं, "संझा ले पहिली ले आबे दीदी, नइ तो मर जाही." संध्याकाळच्या आत आण, नाहीतर मरेल.

अंड्याचा प्रवास

जामुल ते रुआबांधा हा प्रवास मी कधी विसरणार नाही. अंडं फडक्यात गुंडाळून पदराखाली छातीशी धरलेलं, एका बाजूला सिमेंटचं पोतं घेतलेला मिस्त्री, दुसऱ्या बाजूला कोबीची गोणी. ऑटोवाला दर खड्ड्याला गाडी उडवत होता आणि मी दर खड्ड्याला ओरडत होते. शेवटी मिस्त्रीनं विचारलं, "अम्मा, छाती में दर्द है क्या? अस्पताल छोड़ दें?" मी म्हटलं, "बाळ आहे." त्यानं पोतं पायाशी घेतलं आणि गप्प सरकून बसला.

दुपारी भांड्यांच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि कुसुमला व मधुकररावांना आत बोलावलं. अंडं दिव्यावर धरलं. कारखान्यातला माणूस लगेच वाकला.

"ही मेन लाइन," ते बोटानं दाखवत म्हणाले, "आन ह्या ब्रँचा. वा."

"मधुकरराव, तुमच्या त्या नियमात कटर लावायच्या आधी काय करत होता?"

"ट्रेस करत होतो ना," ते म्हणाले. "लाइन कुठून येते, कुठं जाते, आत काय हाय. ट्रेस केल्याशिवाय कटर नाही लागत कोणाच्या बापाचा."

"मग ही शीर कुठे जाते ते ट्रेस केलंत?"

मधुकरराव उठून बाहेर गेले, आणि मला त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू आला. रायपूरच्या तपासणीची वेळ विचारत होते.

कुसुम अंड्याकडे पाहत होती. "ताई, ह्याच्यात तरी सगळं ठीक हाय का?"

"माहीत नाही. बघितल्याशिवाय कळत नाही."

"थंडं होऊन राहिलं हे," ती एकाएकी म्हणाली आणि माझ्या हातातून फडक्यासकट अंडं काढून घेतलं. दोन्ही तळव्यांत धरून बसली. नितीनला हाक मारून म्हणाली, "गाडी काढ. जामुलले."

नितीनच्या लग्नानंतर पहिल्यांदा ती व्याह्यांच्या दारात गेली. कोंबडीखाली अंडं ठेवलं तेव्हा कोंबडीनं तिच्या मनगटावर चोच मारली, तरी कुसुमनं हात हलवला नाही. पूजाकडे तिनं पाहिलंही नाही. निघताना मात्र उंबऱ्यात थांबून म्हणाली, "रायपूरले मी येतो."

रायपूर

रायपूरबद्दल मला सांगता येण्यासारखं काही नाही, कारण मी एक बाकडंच पाहिलं. आत पूजा आणि नितीन गेले. कुसुमला बोलावलं तरी ती गेली नाही, भिंतीकडे तोंड करून बसली. मी तिला गाडीतला शिळा चिला, तांदळाचं धिरडं, दिला, तो तिनं हातात धरून ठेवला.

मला भीती वाटत होती, हे इथे लिहिलंच पाहिजे. ही शीर एकटी असली तर बहुतेक वेळा निरुपद्रवी असते, पण कधीकधी ती दुसऱ्या दोषाची सोबतीण असते. मी ते पूजाला जामुललाच सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "मग तेव्हा मी ठरवीन, मावशी. तुम्ही नाही, आई नाही." आई म्हणजे कुसुम; स्वतःच्या आईला ती माँ म्हणते. मला ते थोडं लागलं होतं. बाकड्यावर बसल्या बसल्या वाटलं, बरोबर बोलली.

डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. शीर हृदयाच्या मागून खाली उतरते आणि जिथे पोचायला हवी त्याच कप्प्यात पोचते. बाकीचं हृदय व्यवस्थित आहे. जन्मल्यावर एकदा पुन्हा बघू, आणि बाळाच्या कागदांवर ही नोंद ठेवा, पुढे कधी छातीतून नळी घालायची वेळ आली तर कामी येईल.

मधुकररावांनी फोनवर ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "मंग टॅग काढा."

कुसुम हुंदके देऊन रडली. मग तोंड पुसलं, आणि गाडीत बसल्याबरोबर तिचं तोंड सुटलं. सातव्या महिन्यात ओटी करू, मोठी करू, गल्लीतल्या सगळ्या बायका बोलावू, पूजाच्या आईनं सधौरी घेऊन यावी. सधौरी म्हणजे तिकडचं डोहाळजेवण. सातव्या महिन्यात पोरीच्या माहेरची माणसं सात तऱ्हेचे पदार्थ रांधून तिच्या सासरी नेतात. रीत पक्की आहे, माहेरानं न्यायचं आणि सासरानं बसून घ्यायचं.

पूजा खिडकीबाहेर पाहत होती. ती मागे न वळता बोलली.

"आई, सातव्यात नाही."

"मंग?"

"तुम्ही पाचव्या महिन्यात काढायले निघाल्या होत्या. आता पाचव्याच महिन्यात खिलवा. आणि माझी माँ काही घेऊन येणार नाही. तुम्ही बनवायचं, तुम्ही घेऊन यायचं. जामुलले. तोपर्यंत मी येत नाही."

"असं कोणाच्यात असते का वं?" कुसुम ओरडली. "सासू सधौरी घेऊन जाते? लोक तोंडात शेण घालतीन!"

मी मध्ये पडणार तोच पूजानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मावशी, तुम्ही नका बोलू." नितीननं मात्र हॉर्न न वाजवता गाडी जामुलच्या रस्त्याला वळवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा एकाच बाजूचं वाक्य बोलला. "ममी, पूजा ठीक बोलती है."

पुन्हा जामुल

दोन दिवस कुसुम फुरंगटून बसली. तिसऱ्या दिवशी मला पाट्यावर डाळ वाटल्याच्या आवाजानं जाग आली. पुरणपोळी, वडाभात, पाटवड्या, सांभारवडी, बासुंदी. पाच आपले. मग शेजारच्या छत्तीसगढी बाईकडे जाऊन ती गोड खुरमी आणि बेसनाची खारी ठेठरी करायला शिकून आली. ठेठरी पहिल्या घाण्यात दगड झाली. दुसऱ्यात जमली. मी लुडबुड करायला गेले तर म्हणाली, "तू प्रोफेसर हाय, बस तिकडं."

जामुलच्या गल्लीत आम्ही डबे घेऊन उतरलो तेव्हा बायका ओट्यांवर आल्या. असं कोणी पाहिलं नव्हतं. पूजाची आई तर दोन्ही हात कपाळाला लावून उभी राहिली. "अइसन तो कभू नइ देखेंव, समधिन!" कुसुमनं पाट मांडला, रांगोळी घातली, पूजाला बसवलं, हळदकुंकू लावलं, ओटी भरली. सातही पदार्थ पानात वाढले.

तेवढ्यात दारात जमलेल्यांतली एक म्हातारी दुसरीला म्हणाली, कुजबुज म्हणावी तर फार मोठ्यानं, "सुने हंव, लइका मं कुछु खराबी हे." लेकरात काही खोट आहे म्हणे.

पुरणपोळीचा घास कुसुमच्या हातात होता. तो तसाच धरून ती दाराकडे वळली. मी तिला एवढं ताठ तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"खराबी?" ती म्हणाली. "माह्या नातवंडाले वरून दोन शिरा हायत. तुमच्या नातवंडाले एक हाय. जे पुसायचं ते मले पुसा, हिले नाही. मी सासू हावो हिची."

म्हातारीला मराठी कितपत कळलं कोण जाणे, पण ती ओट्यावरून उतरली. कुसुम परत वळली. घास पुढे केला, तुपाचा थेंब पूजाच्या पदरावर पडला.

पूजा तिच्याकडे बघत राहिली. घाई केली नाही. मग तिनं घासासाठी तोंड उघडलं.